पीटीच्या तासाला जिम्नॅस्टिक्स आणायचंय? मग आधी उतरायची सोय बघा

नमस्कार मॅडम. तुमचा प्रश्न दोनदा वाचला, म्हटलं निवांत बसूनच लिहू. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मॅडम कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यातल्या एका हायस्कूलला गेल्या वर्षी क्रीडाशिक्षक म्हणून लागल्यात, एका वर्गात साठ-बासष्ट पोरं, प्रार्थनेचा हॉल ४० बाय २५ फूट, खाली शहाबादी फरशी आणि वर पत्रा. माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचनं दोन लाख जमवलेत आणि मुख्याध्यापकांचं म्हणणं की डबल बार, सिंगल बार, रोमन रिंग (वरनं टांगलेल्या दोन कड्या) आणि एक ट्रॅम्पोलीन मागवू, बाहेर ‘जिम्नॅस्टिक हॉल’ अशी पाटी लावू. मॅडम विचारतायत यातलं काय घ्यावं, कुठल्या कंपनीचं घ्यावं आणि दोन लाखात बसेल का.

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. दोन लाखात काय काय बसतं हे कुठलाही दुकानदार सांगेल, मेरठ-जालंधरवाले तर व्हॉट्सॅपवर पाच मिनिटांत कॅटलॉग टाकतात. पण साठ पोरं, पस्तीस मिनिटांचा तास आणि बघायला तुम्ही एकट्या, यात कुणाचं मनगट न मोडता प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी आलं पाहिजे, तुमची खरी अडचण ही आहे असं मला वाटतंय. सामानाची यादी त्यातनं आपोआप निघते.

मी कोल्हापुरात पीटी शिकवतोय त्याला २६ वर्षं झाली, संध्याकाळी जिम्नॅस्टिक्सचा छोटा वर्ग पण घेतो. लहानपण तालमीत गेलं, जिम्नॅस्टिक्स नंतर बी.पी.एड.ला शिकलो, त्यामुळं लाल मातीकडं माझा जरा ओढा आहे, तो पुढं दिसेलच.

काही गोष्टी मात्र तुमच्या तुम्हालाच बघाव्या लागतील. पत्रा कुठं गळतो का, हॉलची किल्ली कुणाकडं असते, शिपाई मदतीला येतो का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हॉल वर्षातनं किती वेळा रिकामा करावा लागतो. दहावीची बैठक व्यवस्था, मतदान केंद्र, गॅदरिंग, कुणा पुढाऱ्याचा सत्कार, हे सगळं त्याच हॉलमध्ये होत असणार. जमिनीत बोल्ट मारून बसवलेलं साधन अशा हॉलमध्ये एक वर्ष टिकतं, दुसऱ्या वर्षी ते व्हरांड्यात दिसतं आणि तिसऱ्या वर्षी त्याच्यावर शाळेचे पडदे वाळत असतात. मी बघितलंय, म्हणून लिहितोय.

आता जिम्नॅस्टिक्स शाळेत कशाला हवं, हे आधी बोलू, कारण मुख्याध्यापकांच्या डोक्यात बहुतेक टीव्हीवरचं जिम्नॅस्टिक्स आहे. स्पर्धेत मुलांची सहा साधनं असतात आणि मुलींची चार. सिंगल बार जमिनीपासून २८० सेंटिमीटर, डबल बार २०० सेंटिमीटर, मुलींचा बीम, म्हणजे तोल सांभाळत चालायची तुळई, १२५ सेंटिमीटर उंच आणि रुंदीला फक्त १० सेंटिमीटर. हे सगळं रोज तीन-चार तास सराव करणाऱ्या निवडक पोरांसाठी. पीटीच्या तासाला येणारं पोरगं वेगळं असतं. त्याला स्वतःचं वजन हातावर पेलता यावं, लोळता यावं, लटकून झोका घेता यावा, तोल सावरता यावा, उडी मारून नीट उतरता यावं आणि पडलं तर हातपाय न मोडता पडता यावं, बास. हे ज्याला आलं ते पोरगं कबड्डीत, फुटबॉलमध्ये, कुस्तीत कुठंही टाका, ते उजवं दिसतं, आणि खेळात नाही गेलं तरी पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवरनं घसरलं तर निदान डोकं सांभाळतं.

गंमत म्हणजे हे दोन प्रवाह पहिल्यापासूनच वेगळे होते. जर्मनीत फ्रीडरिश यान नावाच्या माणसानं १८११ साली बर्लिनमध्ये उघड्यावर मैदान सुरू केलं, डबल बार वगैरे मंडळी त्या घराण्यातली. आणि दोनच वर्षांनी, १८१३ साली, स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग या माणसाची संस्था स्टॉकहोमला सुरू झाली, त्या स्वीडिश पद्धतीतनं लाकडी बाक, भिंतीच्या शिड्या, थराथरांचा व्हॉल्टिंग बॉक्स (हात टेकून उडी मारायची पेटी) असलं सामान शाळा-शाळांत पोचलं. शाळेला लागतं ते दुसऱ्या घराण्यातलं. आपल्याकडं कोटेशन मात्र नेहमी पहिल्याचं येतं, कारण ते फोटोत चांगलं दिसतं.

आता तासाचा हिशोब करून बघा. ३५ मिनिटांतली दहा मिनिटं ओळीनं येणं, चपला काढणं, हजेरी आणि अंग गरम करणं यात जातात. राहिली २५ मिनिटं, म्हणजे १५०० सेकंद. समजा हॉलच्या मधोमध एकच डबल बार आहे आणि एका पोराला चढून काहीतरी करून उतरायला २५ सेकंद लागले, तर साठ पोरांना बरोब्बर एकेकच पाळी मिळते. बाकी चोवीस मिनिटं पोरगं ओळीत उभं राहून पुढच्याच्या पाठीत कोपर मारणार, आणि त्यात त्याची चूक नाही. त्यामुळं माझा पहिला नियम असा की एका वेळी हॉलमधली निम्मी तरी पोरं हलत असली पाहिजेत, आणि ते जमवायचं तर एक मोठं साधन घेण्यापेक्षा छोट्या छोट्या बऱ्याच जागा कराव्या लागतात.

दुसरा नियम उतरण्याचा. मी नव्या वर्गाला पहिले तीन-चार तास फक्त उड्या मारून उतरायला शिकवतो, आणि पोरांना ते लई कंटाळवाणं वाटू नये म्हणून एक खेळ करतो. बाकावरनं एकेकानं उडी टाकायची, मी भिंतीकडं तोंड करून डोळे मिटून उभा राहतो आणि नुसत्या आवाजावरनं सांगतो पास का नापास. ‘धप्प’ आवाज आला की नापास. पायाचा चवडा आधी, मग टाच, गुडघे वाकलेले, हात पुढं, असं उतरलं की आवाज येतच नाही. एकदा सातवीतला एक पोरगा, उसाच्या ट्रॉलीवरनं रोज उड्या मारणारा, तीनदा नापास झाला. चौथ्यांदा काहीच ऐकू आलं नाही म्हणून मी म्हटलं, “अरे, मार की उडी!” तर अख्खा वर्ग ओरडला, “सर, मारली!” त्या दिवसापासनं त्या वर्गाला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

यामागचा हिशोब पण सांगतो, मुख्याध्यापक विज्ञानाचे असतील तर त्यांना पटेल. एक मीटर उंचीवरनं उडी टाकली की जमिनीला लागताना पोराचा वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास असतो. हा वेग कुठंतरी मुरवायला लागतो. गुडघे ताठ ठेवून तो ५ सेंटिमीटरात मुरवला तर पायावर सरासरी जोर येतो वजनाच्या वीसपटीच्या वर, आणि घोटा-गुडघा-कंबर वाकवत ४० सेंटिमीटरात मुरवला तर तोच जोर साडेतीन पटीवर येतो. मॅट दोन इंचांची असेल तर ती दबून दबून किती दबणार, दोन-तीन सेंटिमीटर. म्हणजे मुख्य काम गुडघ्यांचं. पण गुडघा चुकतो, पोरगं तिरकं येतं, पाठीवर येतं, तेव्हा मॅट लागते. दोन्ही पाहिजेत.

मोठ्या माणसांचं पण तेच. आपली जिम्नॅस्ट दीपा कर्माकर २०१६ ला रिओ ऑलिम्पिकला व्हॉल्टमध्ये, म्हणजे धावत येऊन टेबलावर हात टेकून मारायच्या उडीत, चौथी आली, कांस्य हुकलं ते ०.१५० गुणांनी. तिची ती प्रोदुनोव्हा, हवेत दोन कोलांट्या घेऊन उतरायची उडी, आठवून बघा, हवेत सगळं झालं, उतरताना मात्र ती अगदी खाली बसली. त्या पातळीवर सुद्धा सगळं येऊन ठेपतं ते उतरण्यावर.

तर पैशाचं बोलू. दोन लाखातले निम्म्याहून जास्त मॅटवर घाला. हे ऐकून मुख्याध्यापकांचा चेहरा पडणार, कारण मॅट म्हणजे गादी आणि गादीचं उद्घाटन कसं करायचं. तरी घाला.

साध्या मॅट ६ बाय ४ फूट, दोन इंच जाडीच्या, किमान बारा घ्या. म्हणजे साठ पोरांना पाचाला एक पडते, आणि बारा मॅट मिळून २८८ चौरस फूट, तुमच्या हजार फुटांच्या हॉलमध्ये आरामात बसतात, मधे चालायला जागा राहते. या मॅट मऊ नकोत. लोळायला, हातावर उभं राहायला टणकच लागते, मऊ मॅटवर मनगट आत रुततं आणि दुखतं. रीबॉन्डेड फोम किंवा क्रॉसलिंक शीट असं मागा. याशिवाय २० सेंटिमीटर जाडीची एक, जमलं तर दोन, लँडिंग मॅट, ती बॉक्सवरनं उतरायच्या जागी.

मॅट घेताना चेन उघडून बघा, लाजू नका. काही वर्षांपूर्वी मी एका दुकानात मॅट बघायला गेलो, वरनं निळं रेक्झिन चकचकीत, शिलाई डबल, मालक म्हणाला एकदम स्पोर्ट्स क्वालिटी. चेन अर्धी उघडली तर आत वर एक इंच फोम आणि त्याखाली चपलेच्या सोलच्या कातरणाचे तुकडे, निळे, पांढरे, गुलाबी, गोंदानं कसेतरी चिकटवलेले. मी एक तुकडा उपसून बघितला, त्यावर अंगठ्याच्या पट्ट्याचं भोक पण होतं. चप्पल ही आपली शान आहे खरी, पण मॅटच्या बाहेर. मालक म्हणाला, “सर, वजनाला चांगली बसते.” बसणारच की. चेनच नसेल, चारी बाजूंनी शिवून बंद केलेली असेल, तर मी ती घेत नाही.

दुसरी परीक्षा म्हणजे मॅटच्या मधोमध एका टाचेवर उभं राहायचं, सगळं वजन टाचेवर. खालची फरशी टाचेला लागली तर मॅट नको. आणि पाऊल इकडं-तिकडं लटपटायला लागलं, घोटा वळतोय असं वाटलं, तर फोम जास्त मऊ आहे, तीही नको. झोपायच्या गादीचा फोम लँडिंग मॅटमध्ये घालतात त्याचा तोटा हाच, पडायला बरं वाटतं आणि उडी मारून उतरताना घोटा मुरगळतो. खालच्या बाजूला न घसरणारं कापड पाहिजे, शहाबादी फरशीवर साधं रेक्झिन साबणासारखं सरकतं. आणि बाजूला वेल्क्रोची पट्टी पाहिजेच पाहिजे.

वेल्क्रोचं एवढं का म्हणतोय ते सांगतो. मी नवीन असताना एका शाळेत गॅदरिंगचे मनोरे बसवत होतो. मॅट नुसत्या एकमेकींना लावून ठेवलेल्या, पट्ट्या नव्हत्या. सराव झाला, दुसऱ्या थरावरनं नववीतल्या एका पोरानं उडी टाकली, अगदी नीट टाकली, पण तेवढ्या वेळात दोन मॅटमध्ये चार बोटं फट पडलेली आणि त्याचं पाऊल त्या फटीत गेलं. आवाज मला अजून ऐकू येतो. घोट्याचं हाड मोडलं, दीड महिना प्लॅस्टर. त्याच्या वडिलांनी एक शब्द बोलला नाही, उलट मलाच चहा पाजला, ते जास्त लागलं. तेव्हापासून तासाच्या मधे दोनदा मी फटी बघत फिरतो, आणि गॅदरिंगला दोन थरांच्या वर मनोरे नाही म्हणजे नाही, पाहुणे कुणीही येऊ देत.

आता कुणीतरी म्हणेल, कोल्हापूर जिल्ह्यात बसून मॅटवर एवढा खर्च कशाला, शेजारच्या तालमीत कुस्तीची मॅट आहे की. कुस्तीची मॅट लोळायला, चाकी मारायला, हातावर उभं राहायला झकास, मिळत असेल तर आठवड्यातनं एक तास पोरांना तिथंच न्या. पण ती साधारण ६ सेंटिमीटरची आणि टणक, बॉक्सवरनं उडी टाकायला तिचा भरवसा धरू नका. आणि लाल मातीचं तर काय सांगू. वस्ताद लोक आखाडा रोज उकरून घेतात, माती भुसभुशीत करतात, त्यात तेल-ताक मुरवतात, त्या हौदात पडायला शिकलेलं पोरगं जन्मात विसरत नाही. शाहू महाराजांच्या कृपेनं आपल्याकडं गावागावात तालीम आहे, ती फुकटची लँडिंग मॅट आहे असं समजा. तुमच्या गावात तालीम असेल तर आधी वस्तादांना भेटा, आदरानं विचारा. मुलींना प्रवेश देतात का हे मात्र तालमीतालमीवर आहे, तेही विचारूनच घ्या. एक सावधगिरी, पैलवान मानेचे पूल घालतात, म्हणजे डोकं टेकवून अंग मानेवर पेलतात, ते बघून पोरं तेच करायला लागतात. पीटीच्या तासाला मानेवर वजन कुठल्याही प्रकारात नको.

भुदरगडचा पाऊस तुम्हाला मी काय सांगणार. जून ते सप्टेंबर मॅट फरशीवर आडव्या पडून राहिल्या तर खालनं काळी बुरशी धरते आणि ऑक्टोबरला हॉलमध्ये पाऊल टाकवत नाही. तास संपला की भिंतीपासून वीतभर लांब, लाकडी फळ्यांवर उभ्या करून ठेवायच्या. ओढत न्यायच्या नाहीत, चौघांनी उचलून. हे काम पोरांच्या गटाला वाटून द्या, त्यातनं पण व्यायामच होतो. आणि उंदीर, फोम म्हणजे उंदरांचं माहेर. स्टोअरमध्ये खडू-डस्टर ठेवा हवं तर, पण पोषण आहाराचा तांदूळ आणि मॅट एका खोलीत नको.

मॅटनंतरचं सामान बाहेरनं मागवायची गरजच नाही, आपल्याकडं कोल्हापुरात कारखान्यांचं उद्यमनगर आहे. पंपापासून तोफेपर्यंत काहीही सांगा, तिथला मिस्त्री आधी “होतंय की” म्हणतो आणि मग विचारतो काय करायचंय.

लाकडी बाक चार, लांब, खालनं पट्टी मारलेले म्हणजे उलटे करून ठेवले की चालायला अरुंद बीम होतो. सुतार गावातच मिळेल. बीम एक, जमिनीपासून एक वीतभर उंच, १० सेंटिमीटर रुंद, दहा-बारा फूट लांब. माझ्या वर्गातला बीम जुन्या वाड्याच्या पाडकामातनं आणलेल्या सागवानी तुळईचा आहे, रंधा मारून कडा गोल केल्या आणि वर कापड ताणून बसवलं, नव्या बीमपेक्षा सरस आहे. स्पर्धेचा बीम कमरेच्या वर असतो, आपल्याला तोल शिकवायचाय, भीती नाही, म्हणून वीतभर बास. व्हॉल्टिंग बॉक्स एक, चार-पाच थरांचा, वरचा थर गादीचा. थर काढता-घालता येतात म्हणून पाचवीपासून दहावीपर्यंत तोच चालतो. कोपरे गोल, आणि थर एकमेकांत घट्ट बसतात ना ते स्वतः हलवून बघा.

लो बार, म्हणजे बुटका सिंगल बार, हे माझं सगळ्यात आवडतं साधन. पोराच्या छातीएवढा उंच, चार फुटांचा एक आणि पाच फुटांचा एक, मधला गाळा पाच फूट. मिस्त्रीला एक इंची सी क्लास, म्हणजे जाड भिंतीचा, पाइप सांगा. एक इंची म्हणतात खरं पण बाहेरनं तो ३३.७ मिलिमीटर भरतो आणि लहान हाताच्या मुठीत बरोबर बसतो. स्पर्धेचा बार २८ मिलिमीटरचा असतो हे वाचून कुणीतरी २८ चा साधा लोखंडी गज टाकायला सांगेल, ते करू नका, तो बार खास स्प्रिंगच्या पोलादाचा असतो, आपला गज दोन महिन्यांत मधे धनुष्यासारखा वाकतो आणि परत सरळ होत नाही. पकडायच्या जागेला रंग नको, रंगाचे पापुद्रे तळहातात जातात, नुसता पॉलिश पेपर मारत राहायचा. हे बार मी मैदानात, कडेला, काँक्रीटमध्ये तीन फूट खोल गाडून घेतो आणि खाली फूटभर वाळू. दर सोमवारी वाळू उकरून बघायची, काच, बाटलीचं झाकण, मांजरानं केलेली घाण, सगळं निघतं. मधल्या सुट्टीत पोरं त्याला वटवाघळासारखी लटकतात, आणि खरं सांगू, माझ्या तासापेक्षा जास्त ताकद त्यांना तिथंच येते.

आता काय घेऊ नये. ट्रॅम्पोलीन अजिबात नको. पोरांना लई आवडतं आणि धोका तिथंच आहे, हवेत पोरगं किती उंच गेलं आणि कुठल्या बाजूनं खाली येणार यावर तुमचा ताबा राहत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९९ मध्येच सांगून टाकलंय की नेहमीच्या पीटीच्या तासात ट्रॅम्पोलीन नको, आणि त्यांच्याकडं आपल्यापेक्षा मॅटही जास्त आणि मास्तरही जास्त. रोमन रिंग पत्र्याच्या शेडच्या अँगलला टांगायचा विचार असेल तर तो आजच सोडा. नुसतं लटकलेलं पोरगं वेगळं आणि झोका घेणारं वेगळं, झोक्याच्या तळाला वजनाच्या कितीतरी पट ओढ बसते, ती पत्र्याच्या अँगलसाठी कुणी मोजलेली नसते. डबल बार वाईट नाही, पण तो नंतर. पहिली दोन वर्षं नीट गेली, आठ-दहा पोरं पुढं आली, शालेय स्पर्धेला उतरवायची वेळ आली की मग घ्या.

मल्लखांबाचं तुम्ही विचारलं नाही पण बरेच जण सुचवतील. बाळंभटदादा देवधरांच्या परंपरेचा तो आपला घरचा खेळ, माझं काही दुमत नाही, अट एकच की शिकवणारा माणूस हवा. पुरलेला खांब आणि एरंडेलाची बाटली घेऊन पुस्तकात बघून शिकवायचं ते प्रकरण नव्हे. गावात जुना खेळाडू असेल तर जरूर.

तास कसा घ्यायचा ते पण सांगतो. साठ पोरांचे सहा गट. दोन गट मॅटवर लोळण आणि चाकी, एक उलट्या बाकांवर, एक बीमवर, एक लो बारला दाराबाहेर, तुम्हाला दिसेल असा, आणि एक बॉक्सवर. दर चार मिनिटांना शिट्टी, गट पुढं सरकतो. तुम्ही स्वतः बॉक्सपाशी उभं राहायचं आणि तिथनं हलायचं नाही, पाठ भिंतीला, म्हणजे सगळा हॉल नजरेत राहतो. कुठलीही नवी गोष्ट त्या दिवशी एकाच जागी, बाकी पाच जागी जे येतं तेच. पहिल्या वर्षात सगळं लावायला जाऊ नका, तीन जागांपासनं सुरू करा.

कोलांटी उडीवर थोडं जास्त लिहितो कारण मानेला इजा व्हायची मला भीती वाटते ती इथंच. डोकं टेकवून त्याच्यावरनं गडगडायचं असं पोरांना वाटतं. हनुवटी छातीला, हात आधी, ढुंगण वर, आणि डोक्याची मागची बाजू जेमतेम स्पर्श करून पाठ गोल. मी हनुवटीखाली रुमाल धरायला लावतो, रुमाल पडला तर उडी बाद. जाड पोरांना, घाबरणाऱ्यांना उतार करून द्या, बाकाची एक बाजू टेकवून त्यावर मॅट टाकली की झाला उतार, खाली जाताना वजनच मदत करतं. तरीही जमेना तर आडवं लोळू दे, मी कुणाला ढकलत नाही. उलटी कोलांटी पहिल्या वर्षी नकोच.

सपोर्ट देताना आधी तोंडानं सांगायचं, हात कुठं लावणार, मग हात. नववी-दहावीच्या मुलांना तुम्ही आधार देताना दोघांनाही अवघडल्यासारखं होईल, म्हणून प्रत्येक वर्गातली चार थोराड पोरं आणि चार पोरी आधी तयार करा, आधार तीच देतील, तुम्ही बाजूला उभं राहून बघायचं. मुलींना ट्रॅकपँट सांगा, ओढणी आणि जिम्नॅस्टिक्स एकत्र होत नाही. बांगड्या, घड्याळ, केसातल्या टोकदार क्लिपा आणि पोरांच्या गळ्यातले ताईत, दारातच एका डब्यात. ताईत काढायला घरचे नको म्हणतात, मग मी तो टेपनं अंगाला चिकटवतो. अनवाणी सगळे, मोजे घालून कुणी नाही. फिट येणारं, दम्याचं, हाड नुकतं जुळलेलं कुणी असेल तर वर्षाच्या सुरुवातीला पालकांकडनं लिहून घ्या, आणि त्या पोराला बाजूला बसवून ठेवू नका, शिट्टी-घड्याळ त्याच्याकडं द्या, जमेल तेवढं करू द्या.

तर पैसे कशा क्रमानं खर्च करायचे? आधी बारा मॅट आणि लँडिंग मॅट, मग बॉक्स आणि बाक, मग लो बार, आणि उरलं तर बीम, बीमला फारसे लागतच नाहीत. एक दहा-पंधरा हजार बाजूला ठेवा, रेक्झिन फाटतं, वेल्क्रो जातो, आणि त्यासाठी दुसऱ्यांदा कुणी वर्गणी देत नाही. बॅचवाल्यांना काहीतरी दिसायला हवं असतं ते मी समजू शकतो, तर बॉक्सच्या वरच्या थराला त्यांच्या बॅचचं नाव रंगवून घ्या, उद्घाटनाला त्यांच्यातल्याच एखाद्याला त्यावरनं उडी मारायला लावा. आमच्याकडं एका बॅचच्या डॉक्टरांनी मारली होती, पन्नाशीचे, आवाज न करता उतरले. पोरांनी टाळ्या वाजवल्या त्या मंत्र्याला पण वाजवत नाहीत.

आणि हो, ऑर्डर द्यायच्या आधी हॉलच्या दाराचं माप घ्या. आमची लँडिंग मॅट आली ८ बाय ५ फूट, घडी न होणारी, दार साडेतीन फुटांचं आणि समोरच व्हरांड्याचा दगडी खांब, आडवी घाला उभी घाला, वळेचना. टेम्पोवाला भाडं वाढवून मागायला लागला. शेवटी मागच्या खिडकीचे गज कापून आत घेतली. ते गज अजून बसवायचेत.